गिग संपल्यावर कानात काय वाजत राहतं

पुण्यात उघड्यावरचा गिग, म्हणजे बँडचा जाहीर कार्यक्रम, रात्री दहाच्या सुमारास संपतो. साडेदहाला स्टेशनजवळच्या भुर्जीच्या गाडीवर उभी असलेली पोरं एकमेकांशी ओरडून बोलत असतात, आणि आपण ओरडतोय हे त्यांना कळतही नसतं. कानांना दडे बसलेले असतात. घरी येऊन दिवा मालवला की कुठूनतरी एक बारीक शिट्टी ऐकू येते. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, तरी ती थांबत नाही. सकाळपर्यंत ती बहुतेक वेळा गेलेली असते आणि पुढच्या गिगपर्यंत तिचा विसरही पडतो.

ती गेली म्हणजे कान पूर्ववत झाला, असं आपण धरून चालतो. गेल्या पंधरा-सतरा वर्षांतलं संशोधन तसं म्हणत नाही. पण त्याकडे वळण्याआधी मोठ्या आवाजाच्या ओढीबद्दल बोलायला हवं, कारण ‘आवाज कमी करा’ एवढंच सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि का ऐकावं?

अशा गिगना वाजणाऱ्या गिटारप्रधान अल्टरनेटिव्ह रॉकचा सगळा खेळ आवाजाच्या चढ-उतारावर चालतो. कडवं दबक्या आवाजात, नुसत्या बेसवर. मग ध्रुवपदाला सगळ्या गिटारी एकदम डिस्टॉर्शनवर. डिस्टॉर्शनमध्ये ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे नवे सूर तयार होतात, म्हणून एका तारेचा आवाज भिंतीएवढा रुंद वाटतो. हेच गाणं घरी मोबाइलवर ऐकलं तर चाल तीच राहते, पण ती छातीवर आदळत नाही. मँचेस्टरचे संशोधक नील टॉड आणि त्यांचे सहकारी कोडी यांनी २००० साली याचं एक कारण मांडलं. आपल्या अंतर्कर्णात ऐकण्याच्या अवयवाशेजारीच तोल सांभाळणारे अवयव आहेत. त्यांतला सॅक्यूल नावाचा अवयव माशांमध्ये ऐकण्याचंच काम करतो. माणसातही साधारण ९० डेसिबलच्या वर, विशेषतः ढोल आणि बेसच्या खालच्या सुरांना, तो प्रतिसाद देतो. म्हणजे स्टेजजवळ उभं राहिल्यावर जागच्या जागी हलल्यासारखं, झोक्यावर बसल्यासारखं जे वाटतं, ते शरीरात खरोखर घडत असण्याची शक्यता आहे. हा आनंद मला खरा वाटतो आणि तो राखायला हवा असंही वाटतं.

आता कानाच्या आत जाऊ. हवेतली लहर पडद्यावर आदळते, हातोडी-ऐरण-रिकीब ही तीन हाडं ती पुढे ढकलतात, आणि शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या कर्णावर्तातल्या द्रवात लाट उठते. उंच सुरांची लाट दाराशीच शमते, खालच्या सुरांची टोकापर्यंत जाते. ही लाट कशी चालते ते शोधल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. त्या लाटेवर केशपेशी बसलेल्या असतात. एका कानात आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या ओळींत सुमारे बारा हजार. आतल्या ओळीतल्या पेशी मेंदूला संदेश पाठवतात. बाहेरच्यांचं काम जास्त नवलाचं आहे: त्या स्वतः लांब-आखूड होतात आणि क्षीण आवाजाची लाट वाढवून देतात. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जोनाथन अ‍ॅशमोर यांनी गिनीपिगच्या कानातली अशी एकच पेशी काचेच्या बारीक नळीवर धरली आणि एका रॉक अँड रोल गाण्याचे विद्युतसंकेत तिला दिले. सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी तालावर लांब-आखूड होत नाचते. ते चित्रीकरण पाहिलं की आपल्या कानात अशा हजारो पेशी आहेत याचं अप्रूप वाटतं, आणि धास्तीही.

धास्ती अशासाठी की माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, आवाजाने बहिऱ्या झालेल्या पिल्लांच्या कानात नव्या केशपेशी येतात हे १९८०च्या दशकात दिसून आलं. सस्तन प्राण्यांना ही सोय नाही. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या, तेवढ्यांवरच आयुष्य काढायचं.

कानाला स्वतःचा बचाव अजिबात येत नाही असं नाही. रिकिबीला एक इवलासा स्नायू जोडलेला असतो. मोठा आवाज आला की तो आवळतो आणि हाडांची हालचाल रोखून धरतो. पण त्याला जागं व्हायला सेकंदाचा काही अंश तरी लागतो, तो मुख्यतः खालचे सूरच अडवतो, आणि आवाज चालूच राहिला तर थकतो. शांत कडव्यानंतर स्नेअर ड्रमचा जो पहिला घाव पडतो, तो त्याला चुकवून आत पोचलेला असतो.

किती आवाज जास्त म्हणायचा? इथे डेसिबलची मोजपट्टी फसवते, कारण ती सरळ नाही. दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट होते. साधं बोलणं ६० डेसिबल धरलं, तर १०० डेसिबलचा गिग नुसता दीडपट किंवा दुप्पट मोठा नसतो. कानात शिरणारी ऊर्जा दहा हजारपट असते. जागतिक आरोग्य संघटनेने हौसेच्या ऐकण्यासाठी आठवड्याचा शिधा ठरवून दिला आहे: ८० डेसिबल, ४० तास. १०० डेसिबलला ऊर्जा शंभरपट, म्हणून तोच शिधा २४ मिनिटांत संपतो. तीन तासांचा गिग सरासरी १०० वर चालला, तर एका संध्याकाळी साडेसात आठवड्यांचा शिधा कानात जातो. याचा अर्थ एका गिगने कुणी बहिरं होतं असा नाही. पण वर्षाला किती गिग, आणि त्यांच्या मधे हेडफोनवर किती तास, हा हिशेब ज्याने-त्याने मांडावा.

आणि आता ती शिट्टी. अतिमोठ्या आवाजात केशपेशी ग्लुटामेट नावाचं रसायन इतकं सोडतात की पलीकडचे नसांचे शेंडे सुजतात. काही पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात, त्यांना जोडणारे धागे तुटतात. मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. मेंदू गप्प बसत नाही. रेडिओवर स्टेशन नीट लागेना की आपण आवाज वाढवतो आणि नुसती खरखर मोठी होते. मेंदूही तसाच आपला आवाज वाढवतो आणि नसांमधली पार्श्वभूमीची हालचाल त्याला सूर म्हणून ऐकू येते. नुकसान साधारण ३ ते ६ किलोहर्ट्‌झच्या उंच सुरांच्या पट्ट्यात आधी होतं, त्यामुळे शिट्टी बारीक, उंच असते. डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात.

काही तासांत किंवा दिवसांत सूज उतरते, बरेचसे धागे पुन्हा जुळतात, ऐकू पूर्वीसारखं येतं. ऐकण्याच्या तपासणीत आलेख अगदी सरळ. इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. २००९ साली बोस्टनमध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांचं ऐकणं दोनेक आठवड्यांत पूर्ण सुधारलं. केशपेशी शाबूत होत्या. मग त्यांनी केशपेशी आणि नसा जिथे जोडल्या जातात ते सांधे मोजले, आणि उंच सुरांच्या भागातले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे गेलेले होते. पुढच्या एक-दोन वर्षांत त्या नसाही गळत गेल्या.

हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. उरलेल्या नसा शांत खोलीतली ‘बीप’ ऐकायला पुरेशा असतात, म्हणून तपासणीत काहीच दिसत नाही. जे तंतू आधी जातात ते गोंगाटात बोलणं वेगळं काढायच्या कामाचे. घरी सगळं ऐकू येतं. लग्नाच्या पंगतीत किंवा गर्दीच्या हॉटेलात समोरच्याचे ओठ बघावे लागतात. जिवंत माणसाचे हे सांधे मोजता येत नाहीत, त्यामुळे माणसात नेमकं किती नुकसान कशाने होतं यावर संशोधकांत अजून वाद आहे. मात्र मृत्यूनंतर दान झालेल्या कानांच्या अभ्यासात वाढत्या वयाबरोबर नसांचे जोड केशपेशींहून पुष्कळ जास्त प्रमाणात गेलेले आढळले आहेत.

ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांनी ही किंमत मोजलेली आहे. १९७६ मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर ‘द हू’ या बँडचा आवाज स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला. गिनीज बुकात नोंद झाली, आणि नंतर कानांना अपाय होतो म्हणून गिनीजने तो प्रकारच बंद केला. त्या बँडचे गिटारवादक पीट टाउनझेंड वर्षानुवर्षं टिनिटसबद्दल बोलत आले आहेत. ‘एसी/डीसी’ बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये कानांपायी दौरा अर्धवट सोडावा लागला. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा तर अतिमोठ्या आवाजासाठीच नावाजलेला बँड, पण त्यांच्या कार्यक्रमांत दारावरच कानात घालायचे इअरप्लग वाटले जातात.

पुण्यात आवाजाची चर्चा कायम होते, पण ती खिडकीच्या अलीकडून. २०१० पासून एनएच७ वीकेंडरसारखे संगीत महोत्सव इथे रुजले ते हिवाळ्याच्या तोंडावर, आणि पुण्याच्या थंडीत आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन झपाट्याने गार होते. खाली गार हवा, वर उबदार. उबदार हवेत आवाज वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेली लहर वळून पुन्हा जमिनीकडे येते. मैदानापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या सोसायटीत बेसचे ठोके स्पष्ट ऐकू येतात ते यामुळे. मग पोलिसांना फोन जातात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. शेजाऱ्यांसाठी हे हवंच. पण पास काढून स्टेजसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानात किती आवाज जावा, याची मर्यादा त्या नियमांत नाही.

बाहेर असे नियम आहेत. फ्रान्समध्ये २०१७ च्या आदेशानुसार कोणत्याही १५ मिनिटांची सरासरी १०२ डेसिबलवर जाऊ नये. स्वित्झर्लंडमध्ये ९३ च्या वर गेलात की प्रेक्षकांना इअरप्लग फुकट द्यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १५ मिनिटांच्या सरासरीला १०० ची मर्यादा सुचवली, आणि सोबत मैदानात एक शांत कोपरा ठेवायलाही सांगितलं. कानाला मधे विश्रांती मिळावी, हा त्यामागचा हेतू.

पुण्याच्या पोरांच्या बाबतीत आणखी एक भर आहे. गिगला येणारी बरीच मंडळी पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशाच्या सरावालाही जातात. आठवडेच्या आठवडे, संध्याकाळी, हातभर अंतरावर ताशा. विसर्जनाच्या दिवशी सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाचे विद्यार्थी आणि शिक्षक लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात; काही वर्षी सरासरीच १०० च्या वर गेली आहे. गिटार आणि ताशा कानाला सारखेच, त्यामुळे हिशेबही एकत्रच करायचा.

उपाय स्वस्त आहे. २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका मैदानी महोत्सवात संशोधकांनी ५१ स्वयंसेवकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. प्लग न घालणाऱ्यांच्या ४२ टक्के कानांचं ऐकणं तात्पुरतं मंदावलं, घालणाऱ्यांच्या फक्त ८ टक्के. शिट्टीची तक्रार ४० टक्क्यांविरुद्ध १२. फोमचे साधे प्लग उंच सूर जास्त कापतात, त्यामुळे झांजा आणि गायकाचे शब्द मिटतात. म्हणून लोक ते काढून टाकतात. संगीतासाठी फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच उतरवतात आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात. आवाज १५ डेसिबल उतरला तर आठवड्याचा शिधा २४ मिनिटांवरून साडेबारा तासांवर जातो. बेसचा धक्का तर अंगावाटेही येतोच, तो काही प्लगने अडत नाही. फोमचा घालायचा असेल तर बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसता टोकाला अडकवलेला प्लग किंवा कापसाचा बोळा फारसं काही करत नाही. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं तर ३ ते ६ डेसिबल कमी होतात. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात, तिथे मागे जाऊन तेवढा फायदा नाही.

दुसऱ्या दिवशी कानात कोमट तेल घालू नये. नुकसान पडद्याच्या पलीकडे आहे, तेल तिथे पोचत नाही. शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं, आणि एका कानाचं ऐकणं एकदम गेलं असेल तर त्याच दिवशी, कारण त्यावरच्या औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.

सगळ्यात जास्त आवाज मात्र प्रेक्षक ऐकत नाही. बॅरिकेडच्या आत, सबवूफरला, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरला, पाठ लावून, दुपारच्या साउंड चेकपासून रात्री दहापर्यंत बाउन्सर उभे असतात. त्यांच्यासोबत केबल ओढणारी मुलं आणि पाण्याच्या बाटल्या वाटणारी मुलं. आज इथे, उद्या लग्नाच्या डीजेसमोर, परवा मिरवणुकीत. त्यांनी पास काढलेला नाही, आणि आवाज आवडतो म्हणूनही ते आलेले नाहीत. त्यांच्या कानात प्लग असणं, दर दोन तासांनी त्यांची जागा बदलणं आणि वर्षातून एकदा त्यांचे कान तपासून घेणं, हा खर्च आयोजकाच्या अंदाजपत्रकात स्टेजवरच्या दिव्यांच्या आधी लिहिला जायला हवा.