रोध आणि विद्युतशक्ती यांच्या सूत्रांची पार्श्वभूमी

विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि त्याच दोन राशींचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ही आकडेमोड आज शाळकरी विद्यार्थीही दोन ओळींत उरकतो. ज्या काळात हे संबंध शोधले गेले, त्या काळी मात्र या राशींची एककेच ठरलेली नव्हती आणि धारा स्थिर राखील असा विद्युतघटही हाताशी नव्हता.

हेन्री कॅव्हेंडिशने १७८१ च्या सुमारास मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचनळ्यांमधून लायडन बरणीतली (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतली) वीज सोडून, स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्याच्या तीव्रतेवरून धारेची तुलना केली होती. इतक्या ओबडधोबड साधनानेही तो विभवांतर, धारा आणि रोध यांना जोडणाऱ्या नियमाच्या अगदी जवळ पोहोचला. पण त्याने ते प्रसिद्धच केले नाही आणि भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्याची टिपणे १८७९ मध्ये छापली, तोवर श्रेय गेऑर्ग ओहमच्या नावावर कायमचे जमा झाले होते.

कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या ओहमचा १८२५ मधला पहिला प्रयत्न फसला. त्याचा विद्युतघट प्रयोग चालू असतानाच मंदावत असे आणि त्यामुळे हाती आलेले सूत्रही चुकीचे निघाले. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने घट सोडून तांबे आणि बिस्मथ यांचे दोन सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, आणि या तापमानफरकातून मिळालेली स्थिर धारा वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारांमधून सोडून धारेचे माप म्हणून चुंबकसूचीचे विचलन मोजले. तारेची लांबी जसजशी वाढवली, तसतसे विचलन घटत गेले; मात्र ते लांबीच्या थेट व्यस्त प्रमाणात नव्हते, कारण परिपथाच्या उरलेल्या भागाचा रोधही त्यात मिळवावा लागत होता. तो ओहमने हिशेबात धरला, आणि माझ्या मते त्याच्या कामाचे खरे मोल इथेच आहे. १८२७ च्या त्याच्या ग्रंथाचे जर्मनीत थंडे स्वागत झाले, लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मात्र १८४१ मध्ये मिळाले.

शक्तीचे सूत्र वेगळ्याच प्रश्नातून आले. मद्यनिर्मितीच्या कारखानदार घरातल्या जेम्स ज्यूलला वाफेच्या यंत्रापेक्षा विजेची मोटर स्वस्त पडेल का, हे पाहायचे होते. घटात झिजणारे जस्त कोळशापुढे परवडत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. पण या कामाच्या ओघातच, पाण्यात बुडवलेल्या तारेच्या वेटोळ्याची उष्णता मोजून, ती धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे त्याने १८४१ मध्ये मांडले. धारा गुणिले रोध म्हणजेच विभवांतर, म्हणून हाच संबंध विभवांतर आणि धारा यांच्या गुणाकाराच्या रूपातही लिहिता येतो.

एककांची निकड भासली ती समुद्राखालच्या तारायंत्रामुळे, कारण केबल नेमकी कुठे बिघडली हे किनाऱ्यावरून रोध मोजूनच ठरवता येई. ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिक संस्थेने १८६१ मध्ये त्यासाठी समिती नेमली, १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोध, विभवांतर आणि धारा यांसाठी अनुक्रमे ओहम, व्होल्ट आणि अँपिअर मान्य झाले, आणि पुढच्याच वर्षी विल्यम सीमेन्सने शक्तीसाठी वॅट सुचवला.

ही सूत्रे वापरताना एक पथ्य पाळावे लागते: रोध प्रत्यक्ष वापराच्या तापमानाचाच घ्यावा लागतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्यातून सुमारे ०.२६ अँपिअर धारा वाहते, म्हणजे त्याचा रोध जवळपास ८८० ओहम भरतो; तोच दिवा विझवून थंड झाल्यावर मल्टीमीटरने तपासला, तर रोध याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही कमी दिसतो, कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो.