मेल सर्व्हर ब्लॉकलिस्टमध्ये गेला? अर्ज कोणी करायचा आणि सोबत काय लागतं

अंधेरी एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसातून फोन येतो, "मेल परत येतायत, यादीतून नाव काढून द्या." ही यादी म्हणजे ब्लॉकलिस्ट: ज्या पत्त्यांवरून मेल घेऊ नये, त्यांची यादी; ती बघून समोरचा सर्व्हर मेल नाकारतो. माझा प्रश्न ठरलेला: कुठल्या यादीतून? परत आलेल्या मेलमध्ये ५५० किंवा ५५४ या नकाराच्या आकड्यापुढे बहुतेक वेळा यादीचं नाव आणि तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक) दिलेला असतो. ती ओळ जशीच्या तशी जपून ठेवा, तुमच्या अर्जातला पहिला कागद तोच.

अर्ज कोण करू शकतं, हे यादीवर ठरतं. स्पॅमहाउस ही अशा अनेक याद्या चालवणारी संस्था. तिच्या एसबीएल यादीतून नाव काढायची विनंती तुमच्या इंटरनेट कंपनीच्या अब्यूज विभागाकडूनच (गैरवापराच्या तक्रारी बघणारा) जावी लागते. तुम्ही कितीही लिहा, उपयोग नाही. एक्सबीएल आणि सीएसएस या तिच्याच याद्यांसाठी स्पॅमहाउसच्या तपासणी पानावर आयपी टाकून स्वतः अर्ज करता येतो. पीबीएल या तिच्या आणखी एका यादीत नाव असणं हा स्पॅमचा आरोप नाही. ज्या पत्त्यांवरून थेट मेल जायलाच नको, त्यांची ती यादी. घरगुती ब्रॉडबँड बहुधा तिच्यात असतं. तुमचा आयपी स्थिर (न बदलणारा) असेल आणि त्यावर स्वतःचा मेल सर्व्हर असेल तरच तिथून नाव काढायला सांगा. नाहीतर मेल प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून प्रोव्हायडरच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवा, अर्जाची गरजच नाही.

जवळ ठेवायच्या गोष्टी: स्थिर आयपी, त्याचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद; ही इंटरनेट कंपनीच लावून देते, आठवडाभर आधी मागे लागा), एसपीएफ नोंद (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी), सर्व्हरचा लॉग (कधी काय गेलं याची नोंद), आणि नेमकं काय बिघडलं होतं व काय दुरुस्त केलं याच्या दोन ओळी. "आम्ही स्पॅम पाठवत नाही" एवढंच लिहू नका. कुणाचा तरी पासवर्ड फुटलेला असतो किंवा रिसेप्शनच्या पीसीत व्हायरस असतो. ते साफ न करता नाव काढलं तर ते परत चढतं, आणि मग पुढच्या अर्जाला वजन राहत नाही.

खरी भांडणं होतात यूसीईप्रोटेक्ट या वेगळ्या, तीन स्तरांच्या ब्लॉकलिस्टवरून. पहिल्या स्तरावर एकटा आयपी असतो. पुन्हा स्पॅम गेला नाही तर सात दिवसांनी तो आपोआप निघतो. दुसऱ्या स्तरावर आजूबाजूचे पत्ते, तिसऱ्यावर अख्खं नेटवर्क. चाळीत एकाने पाणी चोरलं म्हणून सगळ्या मजल्यांचे नळ बंद, असा हा न्याय. लवकर सुटायचं तर पैसे भरा, असंही तिथे असतं. मी भरू देत नाही. आरएफसी ६४७१ हा अशा याद्या कशा चालवाव्यात याबद्दलचा २०१२ चा दस्तऐवज नाव काढण्यासाठी पैसे घेण्याच्या विरोधातच आहे, आणि स्पॅमहाउसही एक पैसा घेत नाही. त्यापेक्षा मेल अडवणाऱ्या कंपनीच्या ॲडमिनला फोन करून तुमचा आयपी त्यांच्याकडे मोकळा करून घ्या, कारण यादी मानायची की नाही हे शेवटी तोच ठरवतो.

वकिलाची नोटीस? अमेरिकेत एका कंपनीने स्पॅमहाउसवर दावा लावला. २००६ मध्ये १ कोटी १७ लाख डॉलरचा निकाल मिळाला. अपिलात २०११ मध्ये उरले ३ डॉलर.

नाव निघाल्यावरही परत आलेले मेल आपोआप जात नाहीत, ते पुन्हा पाठवावे लागतात. अकाउंट्सवाल्यांना हे आधी सांगा, अडकलेली बिलं त्यांचीच असतात.