कॅसलव्हेनिया : पर्व पहिले

कोनामी या जपानी कंपनीच्या याच नावाच्या व्हिडिओ गेम मालिकेवर आधारलेल्या भयप्रधान ॲनिमेशन मालिकेचे पहिले पर्व. नेटफ्लिक्सवर ते ७ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाले. ‘विचबॉटल’, ‘नेक्रोपोलिस’, ‘लॅबिरिंथ’ आणि ‘मॉन्युमेंट’ असे त्याचे अवघे चार भाग असून चारही मिळून दीड तासाच्या आसपास भरतात. लेखन वॉरन एलिस या ब्रिटिश कॉमिक्स-लेखकाचे, दिग्दर्शन सॅम डीट्स यांचे. ॲनिमेशनचे काम प्रामुख्याने अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन येथील पॉवरहाऊस ॲनिमेशन स्टुडिओज या संस्थेने केले. दक्षिण कोरियातील मुआ फिल्म हा स्टुडिओही त्यात सहभागी होता. निर्मात्यांत फ्रेडरेटर स्टुडिओजचे फ्रेड सायबर्ट, केव्हिन कोल्डे आणि कोलकात्यात जन्मलेले आदी शंकर यांची नावे येतात.

कथानक : वालाकियात, म्हणजे आजच्या रोमानियाच्या दक्षिण भागात, १४५५ साली लिसा नावाची तरुणी वैद्यकविद्या शिकण्याच्या इच्छेने ड्रॅक्युलाच्या किल्ल्याचे दार ठोठावते. पुढे ती त्याची पत्नी होते. १४७५ मध्ये तिच्या उपकरणांना आणि औषधांना चेटूक ठरवून चर्च तिला तर्गोविश्ते येथे जिवंत जाळते. प्रवासाहून परतलेला ड्रॅक्युला वालाकियाच्या प्रजेला देश सोडून जाण्यासाठी एका वर्षाची मुदत देतो. मुदत सरते तेव्हा शहर त्या जाळण्याचे वर्षश्राद्ध नव्हे, तर विजयोत्सव साजरा करत असते. निशाचरांचे सैन्य त्याच दिवशी उतरते.

यानंतर कथा ट्रेव्हर बेलमाँटकडे वळते. राक्षसांची शिकार हा त्याच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. पण चर्चने घराण्याला वाळीत टाकलेले, आणि शेवटचा वारस दारूच्या गुत्त्यात मार खात पडलेला. ग्रेसिट या काल्पनिक शहरात तो ‘स्पीकर्स’ नावाच्या भटक्या, मौखिक परंपरा जपणाऱ्या जमातीला धर्मगुरूंच्या हातून वाचवतो, शहराखालच्या भुयारात दगड होऊन पडलेल्या सायफा बेलनेड्सला एकाक्ष राक्षसाच्या शापातून सोडवतो आणि शहराचा बचाव उभा करतो. अखेरीस दोघे जमीन खचून खाली कोसळतात. तेथे शवपेटीत झोपलेला ॲलुकार्ड, म्हणजे ड्रॅक्युला व लिसाचा मुलगा, जागा होतो. ट्रेव्हरशी त्याची झुंज होते, ती संपल्यावर तिघे ड्रॅक्युलाविरुद्ध एकत्र येतात आणि पर्व तिथेच थांबते. ड्रॅक्युला पहिल्या भागानंतर जवळजवळ दिसतच नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मूळ स्रोत : हे पर्व कोणत्या गेमवर आधारलेले आहे, याचे रूढ उत्तर कॅसलव्हेनिया मालिकेतील तिसरा गेम असे दिले जाते. जपानमध्ये तो डिसेंबर १९८९ मध्ये निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्रासाठी, तर उत्तर अमेरिकेत १९९० मध्ये त्याच यंत्राच्या एनईएस या तिथल्या आवृत्तीसाठी विक्रीस आला. १४७६ हे वर्ष, ट्रेव्हर (जपानी आवृत्तीत राल्फ), सायफा, ॲलुकार्ड आणि सायफाला दगड करणारा एकाक्ष राक्षस हे सर्व तिथलेच. त्या गेममधील चौथे पात्र, भिंती चढण्यात पटाईत असलेला ग्रँट डानास्टी, मालिकेत वगळले आहे.

परंतु हे उत्तर अपुरे आहे. पर्वाचे भावनिक केंद्र असलेली लिसा तिसऱ्या गेममध्ये नाही. ती प्रथम येते १९९७ च्या ‘सिंफनी ऑफ द नाइट’ या गेममध्ये, तीही ॲलुकार्डच्या दुःस्वप्नात, क्रुसाला बांधलेली. माणसांचा द्वेष करू नकोस, हे मुलाला सांगणे तिथलेच. ॲलुकार्डचे रूपही त्याच गेमच्या चित्रकर्त्री आयामी कोजिमा यांच्या रेखाटनांवरून आले आहे. १९८९ चा ॲलुकार्ड केस मागे वळवलेला, पारंपरिक अंगरख्यातला व्हॅम्पायर आहे. मोकळ्या फिकट केसांचा, उदास चेहऱ्याचा राजपुत्र १९९७ चा. म्हणून हे पर्व दोन गेमांचा सांधा आहे, असे म्हणणे अधिक नेमके ठरते : घटनाक्रम तिसऱ्या गेमचा, कारणमीमांसा ‘सिंफनी’ची. ड्रॅक्युलाच्या क्रौर्याला पत्नीवियोगाचे कारण मिळते ते ‘सिंफनी’मुळेच. तिसऱ्या गेममध्ये तो केवळ दुष्ट आहे, आणि आठ बिटच्या गेममध्ये त्याहून अधिक काही असण्याची अपेक्षाही नव्हती.

सायफाच्या बाबतीत जुन्या गेमचा एक धागा फार खुबीने जपलेला दिसतो. मूळ गेमच्या इंग्रजी पुस्तिकेत सायफाचा उल्लेख पुरुष म्हणून होता; ती स्त्री असल्याचे शेवटी कळे. मालिकेतही स्पीकर्सचे ज्येष्ठ आपल्या नातवंडाबद्दल बोलतात तेव्हा ट्रेव्हर मुलगा गृहीत धरतो, आणि दगडाचे कवच फुटल्यावर चकित होतो. प्रवासात मुलींनी मुलांचा वेश घेणे सुरक्षित, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. गेम खेळलेल्यांना ही जागा लगेच सापडते. इतरांना ती साधा विनोद वाटते.

ड्रॅक्युला, व्लाद व कालनिर्देश : मालिकेत ड्रॅक्युलाचा उल्लेख व्लाद ड्रॅक्युला त्सेपेश असा येतो. इतिहासातील व्लाद तिसरा हा वालाकियाचा राजा १४४८, १४५६–६२ आणि १४७६ अशा तीन खेपांना गादीवर होता. त्याचा मृत्यू १४७६ च्या अखेरीस किंवा जानेवारी १४७७ मध्ये झाला असावा. गेमने निवडलेले १४७६ हे वर्ष या मृत्यूशी जुळते आणि हा योगायोग नसावा. पहिल्या भागात लिसा किल्ल्याकडे जाताना सुळांवर लटकलेल्या सांगाड्यांच्या रानातून चालत जाते, ते दृश्यही व्लादच्या सुळावर चढवण्याच्या ख्यातीवरूनच घेतले आहे.

मात्र ड्रॅक्युला म्हणजे व्लाद, हे समीकरण स्वतःच वादग्रस्त आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत व्लाद हे नाव कुठेही येत नाही आणि उमरावाचा किल्ला ट्रान्सिल्व्हेनियात आहे, वालाकियात नाही. रेमंड मॅकनॅली व राडू फ्लोरेस्कू या इतिहासकारांनी १९७२ मध्ये कादंबरीतील पात्रामागे व्लाद तिसरा असल्याचे मत मांडले आणि ते लोकांत झपाट्याने रुजले. ड्रॅक्युला-अभ्यासक एलिझाबेथ मिलर यांनी स्टोकरच्या टिपणवह्यांच्या आधारे त्याला आव्हान दिले. स्टोकरने १८९० मध्ये इंग्लंडमधील व्हिट्बी येथे विल्यम विल्किन्सनचे वालाकिया व मोल्डेव्हियावरील १८२० चे पुस्तक चाळले आणि त्यातून नाव व चार-दोन तपशील उचलले, इतकेच त्या वह्यांवरून दिसते. उपलब्ध पुराव्याचा कल या दुसऱ्या मताकडे अधिक आहे. गेमच्या कर्त्यांना या वादाशी कर्तव्य नव्हते. कथा वालाकियात नेताना त्यांनी १९७२ नंतर लोकप्रिय झालेला ड्रॅक्युला उचलला, असे मानण्यास जागा आहे. कोनामीनेच पुढे २००३ च्या एका गेममध्ये ड्रॅक्युलाचे मूळ अकराव्या शतकातील मॅथियस क्रोंक्विस्ट या सरदारात दाखवले, म्हणजे व्लादशी असलेले नाते तोडले. मालिकेने ही नंतरची वंशावळ या पर्वात बाजूला ठेवली आहे.

चर्चच्या चित्रणातही काळाची सरमिसळ आहे. वालाकिया ऑर्थोडॉक्स पंथाचा प्रदेश होता. मालिकेतले बिशप, त्यांचा पोशाख आणि चेटकिणींचा छळ पश्चिम युरोपच्या लॅटिन चर्चच्या धर्तीचे आहेत. चेटकिणींविरुद्धच्या खटल्यांची मोठी लाट पश्चिम व मध्य युरोपात साधारणतः १५६० ते १६३० या काळात आली; चेटूकविरोधी कुप्रसिद्ध लॅटिन ग्रंथसुद्धा १४८६–८७ च्या सुमाराचा, म्हणजे लिसाच्या मृत्यूनंतरचा. पहिल्या भागाला नाव देणारी ‘विचबॉटल’, म्हणजे चेटूक उलटवण्यासाठी टाचण्या व मूत्र भरून पुरलेली बाटली, ही तर सतराव्या शतकातील इंग्लंडची प्रथा. एलिस यांना ऐतिहासिक वालाकिया उभा करायचाच नव्हता. हॅमर कंपनीच्या ब्रिटिश भयपटांची आवड त्यांनी स्वतः सांगितली आहे आणि मालिकेतला पूर्व युरोप त्याच पडद्यावरचा आहे.

निर्मिती : पर्वाचा आटोपशीरपणा, त्याची अर्ध्यावर थांबणारी कथा आणि ड्रॅक्युलाची अनुपस्थिती यांचा उलगडा निर्मितीच्या इतिहासात होतो. प्रोजेक्ट ५१ या संस्थेने २००७ च्या सुमारास तिसऱ्या गेमवर थेट डीव्हीडीसाठी ॲनिमेशनपट काढण्याचे ठरवले आणि एलिस यांना लेखनासाठी बोलावले. त्यांना गेम ठाऊक नव्हते. त्यांनी अभ्यास करून पटकथेची आखणी केली. कोनामीच्या बाजूने मालिकेचे तत्कालीन सूत्रधार कोजी इगाराशी होते. गेमच्या कालपटात चित्रपट नेमका बसावा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यापायी आराखडा पुनःपुन्हा लिहावा लागला. एक चित्रपट पुरणार नाही म्हणून तीन चित्रपटांची योजना झाली. मग काम रखडले, ते वर्षानुवर्षे. इगाराशी २०१४ मध्ये कोनामीतून बाहेर पडले. पुढे नेटफ्लिक्सच्या रूपाने गिऱ्हाईक मिळाले, तेव्हा तीनपैकी पहिल्या चित्रपटाच्या पटकथेचे चार तुकडे करण्यात आले.

तेव्हा ‘पर्व’ ही संज्ञा इथे वितरणाच्या सोयीची समजावी. रचनेच्या दृष्टीने ही एका चित्रत्रयीची पहिली तिहाई आहे : नायक, विदुषी आणि निद्रिस्त योद्धा यांची गाठ पडणे एवढेच तिचे कार्य. भागांच्या सीमारेषाही त्यामुळे काही ठिकाणी आगंतुक वाटतात, आणि दुसरा भाग तर दोन प्रसंगांमधला पूल होऊन राहतो. पहिला भाग मात्र स्वतंत्र लघुपट म्हणून पाहता येईल इतका बांधेसूद आहे. आठ भागांचे दुसरे पर्व २६ ऑक्टोबर २०१८ रोजी आले आणि मूळ योजनेतली कथा तिथे पूर्ण झाली. दहा-दहा भागांची तिसरे (२०२०) व चौथे (२०२१) ही पर्वे त्यापुढची रचना होत.

चित्रशैली व संवाद : हाताने रेखाटलेल्या द्विमितीय ॲनिमेशनवर भर, गडद लाल व निळसर काळ्या रंगांचे प्राबल्य, आणि जपानी ॲनिमेचा उघड प्रभाव. अमेरिकेत लिहिल्या-चितारल्या गेलेल्या मालिकेला ॲनिमे म्हणावे का, यावर प्रेक्षकांत बराच वाद झाला. शैलीपुरते म्हणावे आणि उगमापुरते म्हणू नये, ही तोड पुरेशी वाटते. मारामारीत ट्रेव्हरचे शस्त्र असलेल्या आसुडाच्या हालचालीकडे दिलेले लक्ष विशेष आहे. गेममध्ये आसूड सरळ रेषेत पुढे जातो व मागे येतो. इथे तो वळतो, गुंडाळतो, भिंतीवरून परततो, टोकाने बोट तोडतो.

संवाद एलिस यांच्या धाटणीचे, शिवराळ आणि कोरडे. ग्रेसिटच्या चर्चमधील प्रसंग पर्वातला सर्वांत प्रभावी म्हणावा लागेल. लिसाला पकडून नेणारा बिशप आपण देवाच्या घरात सुरक्षित आहोत अशा भ्रमात असतो. आत शिरलेला निळ्या दातांचा राक्षस त्याला समजावतो, की तुझ्या कृत्यांमुळे देव या वास्तूतून केव्हाच निघून गेला आहे, नाहीतर मी उंबरा ओलांडूच शकलो नसतो. भयकथेतला जुना नियम इथे धर्मसत्तेवरच्या आरोपपत्रासारखा वापरला आहे. त्याला तोल म्हणून शेवटच्या भागात ट्रेव्हर एका साध्या पाद्र्याला, तुझी दीक्षा रीतसर झाली आहे ना, असे विचारून पाणी मंतरायला लावतो, आणि ते पाणी काम करते. मालिकेला सरसकट धर्मविरोधी म्हणणारे टीकाकार हा प्रसंग सोडून देतात.

रिचर्ड आर्मिटेज (ट्रेव्हर), आलेहांद्रा रेनोसो (सायफा), जेम्स कॅलिस (ॲलुकार्ड), ग्रॅहम मॅकटॅव्हिश (ड्रॅक्युला), एमिली स्वॉलो (लिसा) आणि मॅट फ्रुअर (बिशप) हे प्रमुख आवाज.

संगीत : कॅसलव्हेनिया गेमांची कीर्ती निम्मी त्यांच्या संगीतावर उभी आहे, आणि तिसऱ्या गेमचे या बाबतीत खास स्थान आहे. जपानी काडतुसात, म्हणजे गेम साठवलेल्या व यंत्रात खोचायच्या डबीत, कोनामीने व्हीआरसी६ ही स्वतःची चिप बसवली होती. तिच्यामुळे फॅमिकॉमच्या मूळ पाच ध्वनिवाहिन्यांना आणखी तीन जोडल्या गेल्या : दोन चौरस लहरींच्या, एक करवती लहरींची. अमेरिकी एनईएसच्या काडतुस-जोडणीत बाहेरचा ध्वनी आत घेण्याची जपानीसारखी सोय नव्हती. त्यामुळे तिथल्या आवृत्तीत एमएमसी५ ही वेगळी चिप वापरून तेच संगीत कमी वाहिन्यांत बसवावे लागले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या तर खालच्या स्वरांची भरदार साथ अमेरिकी आवृत्तीत विरळ झालेली जाणवते. इतका वारसा असूनही संगीतकार ट्रेव्हर मॉरिस यांनी पहिल्या पर्वात गेमच्या ओळखीच्या चाली टाळून वातावरणनिर्मितीचे वाद्यवृंद-संगीत दिले. जुन्या चाहत्यांची ही मुख्य तक्रार होती. १९८७ च्या दुसऱ्या गेममधील ‘ब्लडी टिअर्स’ ही चाल दुसऱ्या पर्वाच्या सातव्या भागात वाजली, तेव्हा ती काहीशी मिटली.

स्वागत : प्रतिक्रिया बहुतांशी अनुकूल होत्या, व्हिडिओ गेमवरील पडदारूपांतरे फसतातच, हा समज खोडून काढणारी कृती म्हणून तिचा उल्लेख होऊ लागला. चारच भाग हा दोष जवळपास प्रत्येकाने नोंदवला. बेलमाँट घराण्याचे ॲनिमेशनमधले हे पहिले दर्शन नव्हे : १९८९–९१ मधील ‘कॅप्टन एन’ या अमेरिकी बालमालिकेत पहिल्या गेमचा नायक सायमन बेलमाँट आरशात रमणारा बढाईखोर म्हणून येऊन गेला होता, आणि चाहत्यांना त्याची आठवण फारशी प्रिय नाही. भारतात नेटफ्लिक्सची सेवा जानेवारी २०१६ पासून सुरू असल्याने हे पर्व येथेही जगाबरोबरच उपलब्ध झाले.