बोंडअळीचं कोलेस्टेरॉल

डिसेंबरात यवतमाळकडच्या एखाद्या पऱ्हाटीच्या वावरात किडकं बोंड फोडून पाहा. एका पाकळीतल्या कापसाची कवडी झालेली असते, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या आत गुलाबी अळी दडून बसलेली असते. तिनं केलेलं नुकसान आपल्याला तोंडपाठ आहे. पण या अळीला कोलेस्टेरॉल तयार करता येत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही.

आपल्या पेशी ते स्वतः बनवतात. कीटकांना ती सोय नाही. झाडपाला खाणाऱ्या अळ्या वनस्पतींमधलं सिटोस्टेरॉल हे कोलेस्टेरॉलच्याच जातीचं स्टेरॉल घेतात (सरकीच्या तेलात ते असतंच) आणि त्याच्या रेणूची बाजूची साखळी छाटून कोलेस्टेरॉल करतात. कात टाकायला लागणारं एकडायसोन हे संप्रेरक त्याच्यापासूनच होतं. १९५४ साली बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा शुद्ध केलं, तेव्हा रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांतून जेमतेम २५ मिलिग्रॅम हाती आलं!

आता खरी अडचण. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही आणि पेशीच्या आत तर सगळीकडे पाणी. मग ते एका पडद्यापासून दुसऱ्यापर्यंत जातं कसं? त्यासाठी वाहक प्रथिनं असतात. त्यांच्या पोटात तेलकट पोकळी असते, तिच्यात एक रेणू नीट बसतो. यीस्टमधल्या ऑश४ या प्रथिनाची रचना २००५ मध्ये उलगडली, तेव्हा पोकळीवर चक्क झाकण दिसलं. वावरात नेलेल्या शिदोरीच्या डब्यासारखं: आतलं कोरडं, बाहेर कितीही ओल असो.

खाल्लेलं स्टेरॉल पेशीच्या पचनपिशवीत, म्हणजे लायसोसोममध्ये येतं. तिथून बाहेर काढायला एनपीसी१ हे प्रथिन लागतं. माणसात हे प्रथिन बिघडलं की कोलेस्टेरॉल तिथंच साचतं आणि निमन-पिक सी हा आजार होतो. लहान मुलांचा चालताना तोल जातो, पुढे गिळणंही अवघड होतं. त्याचं जनुक १९९७ मध्ये सापडलं.

फळमाशीत, ड्रोसोफिलात, तसंच जनुक बंद केलं, तर अळ्या खात होत्या, पण त्यांना कात टाकता येईना. मग त्यांच्या खाण्यात भरपूर कोलेस्टेरॉल मिसळलं, काहींना थेट कात टाकायचं संप्रेरक दिलं. त्या पुन्हा वाढू लागल्या.