तीन चिमूट प्रकाश

आमच्या गच्चीवरून ध्रुवतारा दिसत नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. नेमक्या त्याच उंचीवर शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आहेत. दक्षिणेला मंगल कार्यालय, पश्चिमेला रात्रभर चालू असलेला पेट्रोल पंपाचा फलक. डोक्यावर हिवाळ्यातल्या स्वच्छ रात्रीही तीस-चाळीस तारे मोजून संपतात. याच गच्चीवरून गेल्या हिवाळ्यात मी सुमारे ५००० प्रकाशवर्षं दूर असलेल्या रोझेट तेजोमेघाचं छायाचित्र काढलं. ते कसं जमलं याचं श्रेय माझ्या कौशल्यापेक्षा वायूच्या एका सवयीला जास्त जातं, म्हणून आधी तिच्याविषयी.

रोझेट सापडायला सोपा आहे. मृगातला तांबडा काक्षी आणि पूर्वेकडचा प्रश्वा यांना जोडणारी रेघ मनात ओढा. काक्षीकडून निघून साधारण एक तृतीयांश अंतर चाला आणि किंचित दक्षिणेला उतरा. तिथे शृंगाश्व नावाचा फिकट तारकासमूह आहे आणि त्यात हा वायूचा गुलाब. आकाशात तो पूर्ण चंद्राच्या दुपटीहून रुंद आहे. प्रत्यक्षात त्याचा व्यास सुमारे १३० प्रकाशवर्षं. मधोमध एनजीसी २२४४ हा ताऱ्यांचा गुच्छ. तो साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो, गुलाब मात्र दिसत नाही. अंधाराला सरावलेला डोळा ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, तर रोझेट प्रामुख्याने चमकतो ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद तांबड्या रंगात. त्या रंगाला रात्रीचा डोळा जवळजवळ आंधळा आहे.

आता ती सवय. तारा सगळ्याच रंगांत उजळतो, आपला सूर्यही. विरळ वायू तसं करत नाही. रोझेटच्या मध्यावरचे तरुण, अतितप्त तारे अतिनील किरणांचा मारा करतात आणि हायड्रोजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या अणूच्या तावडीत सापडला की जिना उतरल्यासारखा पायरी पायरीने खाली येतो. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना तो जो प्रकाश टाकतो, तो नेहमी ६५६.३ नॅनोमीटरचाच असतो. त्यात भेसळ नाही. यालाच हायड्रोजन-अल्फा म्हणतात; छंदातली माणसं नुसतं 'एच-अल्फा' म्हणून मोकळी होतात.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती विल्यम हगिन्स या लंडनच्या हौशी खगोलनिरीक्षकाच्या. २९ ऑगस्ट १८६४ रोजी त्याने घरच्या वेधशाळेतून कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यांसारखा रंगांचा पट्टा दिसेल ही अपेक्षा होती, दिसल्या फक्त काही तेजस्वी रेषा. म्हणजे हा दूरच्या ताऱ्यांचा धूसर पुंजका नव्हता, वायू होता. त्यातली एक रेषा हायड्रोजनची निघाली. पण ५०० नॅनोमीटरजवळच्या दोन हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. तेव्हा नवं मूलद्रव्य असणार असं गृहीत धरून त्याला 'नेब्युलियम' असं नावही देऊन टाकलं गेलं. कोडं सुटायला १९२७ साल उजाडलं. आयरा बोवेनने दाखवलं की तो साधा ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. तो उत्तेजित झाला की शांत व्हायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. नेहमीचे अणू हेच काम सेकंदाच्या काही कोट्यांशात उरकतात. पृथ्वीवरच्या हवेत एवढा वेळ कोण देतो? त्याआधीच दुसरा अणू येऊन धडकतो आणि ऊर्जा परस्पर निघून जाते. तेजोमेघ इतका विरळ की अणूला अर्धा मिनिट एकांत मिळतो, आणि मगच ती ५००.७ नॅनोमीटरची हिरवट निळी रेषा उमटते.

तिसरी रेषा गंधकाची. एक इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक ६७२ नॅनोमीटरच्या आसपास रेषांची जोडी देतं. नॅरोबँड, म्हणजे एकेका अरुंद रंगपट्ट्यातल्या, छायाचित्रणाचा बहुतेक सगळा पसारा हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक या तिघांवर उभा आहे.

आपल्याला हवा असलेला प्रकाश अशा तीन चिमटींत बसत असेल, तर बाकीचा सगळा नाकारायला काय हरकत आहे? नॅरोबँड फिल्टर हेच करतो. काचेवर तरंगलांबीच्या अंशाएवढ्या जाडीचे डझनावारी थर चढवलेले असतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात सांडलेल्या तेलावर रंग खेळतात, तेच इथलं विज्ञान, फक्त शिस्तीत बसवलेलं. थरांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात किंवा जोर देतात, आणि शेवटी ३ नॅनोमीटर रुंदीची एक फट उरते. दृश्य प्रकाशाचा पट्टा धरा ३०० नॅनोमीटरचा. म्हणजे शहराच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड शंभराव्या हिश्श्यावर येतो, आणि तेजोमेघाची रेषा मात्र जवळजवळ पूर्ण आत येते. रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा तेवढा पिवळा रंग अडवणाऱ्या स्वस्त फिल्टरनेही बरंच काम भागायचं. एलईडी सगळ्या रंगांत सांडतो. त्याच्यापुढे ते जुने फिल्टर लुळे पडले, आणि नॅरोबँड ही चैन न राहता शहरवासीयांची गरज झाली. गरज असली तरी स्वस्त नाही. तीन चांगल्या फिल्टरांची किंमत लहान दुर्बिणीच्या किमतीला जाऊन भिडते.

माझी दुर्बीण ७२ मिलिमीटर व्यासाची आहे, नाभीय अंतर ४०० मिलिमीटर. पाहुण्यांना दाखवली की ते हमखास विचारतात, "एवढीशीच?" रोझेटसारख्या पसरट वस्तूला मोठी दुर्बीण उलट अडचणीची, कारण ती चौकटीत मावणार नाही. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी खाली असते, माउंटमध्ये, म्हणजे दुर्बिणीला आकाशाच्या गतीने फिरवणाऱ्या बैठकीत. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल व्यापतो दोन विकलांहून थोडं कमी. माउंट थांबला तर एका सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल पळतो, आणि मला एकेक फोटो हवा असतो पाच मिनिटांचा. म्हणून बाजूला दुसरी चिमुकली दुर्बीण आणि कॅमेरा लागतो. तो एका ताऱ्यावर डोळा रोखून बसतो आणि तारा जरा ढळला की माउंटला टोचणी देतो. माउंटचा आस नेमका ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण न दिसणाऱ्या ध्रुवताऱ्याचा प्रश्नही आता सुटला आहे. आकाशाच्या कुठल्याही तुकड्याचा फोटो घ्या, तारे ओळखून संगणक सांगतो की माउंटचा आस किती अंशांनी चुकलाय आणि कोणता स्क्रू कुठे फिरवायचा. पाण्याच्या टाक्यांवरचा माझा राग तेव्हापासून मावळला.

कॅमेरा काळापांढरा आहे. रंगीत कॅमेऱ्याच्या चार पिक्सेलपैकी एकच लाल पाहतो, त्यामुळे एच-अल्फासाठी तीन चतुर्थांश संवेदक वाया जातो. शिवाय साध्या डीएसएलआरमधला आतला फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश आधीच कापतो, म्हणून हौशी मंडळी तो काढून घेतात. घरात रंगीत कॅमेरा असेल तर एच-अल्फा आणि ऑक्सिजन एकाच वेळी सोडणारा ड्युअल बँड फिल्टर लावून सुरुवात करावी. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने तेच करावं.

डिसेंबरअखेर रोझेट रात्री साडेआठपासून पहाटे साडेचारपर्यंत ३० अंशांच्या वर असतो. आठ तास, निदान कागदावर. गच्चीवर बसून थंडीत कुडकुडायची गरज नाही. कॅमेरा उणे १० अंशांवर गार होतो, संगणक फोटो घेत राहतो आणि मी खाली घरात पांघरुणात. मध्यरात्रीनंतर तेजोमेघ डोक्यावरून पश्चिमेकडे कलला की माउंट दुर्बीण उलटी फिरवून दुसऱ्या बाजूला नेतो. तेव्हा मात्र मी वर जाऊन उभा राहतो. एकदा यूएसबीची वायर पायाला अडकली होती आणि माउंट तिला ओढत होता. तो आवाज विसरता येत नाही.

चंद्राचा हिशोब वेगळा. एच-अल्फा चंद्रप्रकाशातही बऱ्यापैकी चालतो, कारण हवेत विखुरलेलं चांदणं निळ्या बाजूला जास्त झुकलेलं असतं. ऑक्सिजन नेमका त्याच बाजूला, त्यामुळे त्याला अमावास्येच्या जवळच्या रात्री राखून ठेवाव्या लागतात. रोझेटची आणखी एक पंचाईत आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो, महिन्याला नाव पडलं ते त्यावरूनच. म्हणजे रोझेट सर्वांत चांगला दिसतो त्या दिवसांत पूर्ण चंद्र त्याच्या उशाशी येऊन बसतो. त्या चार-पाच रात्री मी एच-अल्फाही घेत नाही, सरळ झोपतो.

एच-अल्फाचे सात तास सुरळीत जमले. ऑक्सिजनची पहिली रात्र पूर्ण वाया गेली, आणि दोष सर्वस्वी माझा. फिल्टर बदलला की नाभीबिंदू किंचित सरकतो. थंडीत नळी आकसली तरी सरकतो. मी फिल्टरचं चाक फिरवलं, फोकस न तपासताच खाली गेलो आणि सकाळी साठ फोटोंमध्ये साठदा साबुदाण्यासारखे फुगलेले तारे पाहिले.

पाच मिनिटांचा एक फोटो उघडला तर दिसतो करडा, खरबरीत, ओशाळवाणा डाग. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तो पाहिला आणि म्हणाले, "अरे, हे तर काळंपांढरं! आणि गुलाब कुठाय?" गुलाब बेरजेत असतो. फोटो एकावर एक रचत गेलं की खरा प्रकाश संख्येच्या प्रमाणात वाढतो, खरखर मात्र संख्येच्या वर्गमुळाइतकीच. शंभर फोटोंनी चित्र दहापट स्वच्छ होतं. त्याची दुसरी बाजूही आहे: पुन्हा दुप्पट स्वच्छ हवं असेल तर वेळ चौपट. या बेरजेतच विमानांच्या आणि उपग्रहांच्या रेघा गळून पडतात, कारण त्या एखाद्याच फोटोत असतात आणि सॉफ्टवेअर अशा एकांड्यांना बाहेर काढतं. फिल्टरवरच्या आणि संवेदकाच्या काचेवरच्या धुळीची वर्तुळं घालवायला वेगळे फोटो लागतात. संध्याकाळच्या उजळ आकाशाकडे दुर्बीण रोखून तोंडाला पांढरं सुती कापड बांधायचं. माझं कापड म्हणजे आजोबांचं उपरणं. ते फार सुंदर काम करतं.

तीन काळीपांढरी चित्रं तयार झाली की रंग द्यायची वेळ येते. हबल दुर्बिणीने एप्रिल १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांच्या चित्रामुळे एक पद्धत रूढ झाली: गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. हायड्रोजन बाकी दोघांपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे पहिलं मिश्रण चक्क पालकाच्या भाजीसारखं दिसतं. हिरवा दाबत, बाकीचे उचलत नेलं की सोनेरी कडा आणि निळं काळीज बाहेर येतं.

काकांनी तेही पाहिलं. "मग हे रंग तू भरलेस?"

"हो काका."

"म्हणजे खोटे."

मी त्यांना शाळेतला प्राकृतिक नकाशा आठवायला सांगितला. सह्याद्री तपकिरी आणि कोकणपट्टी हिरवी छापतात, म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. इथेही तसंच आहे. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात, हायड्रोजनचा १३.६, गंधकाचा पहिला फक्त १०.४. म्हणून निळा रंग तिथेच, जिथे मधल्या ताऱ्यांचा मारा सर्वांत कडक आहे. गंधक जास्त उठून दिसतं ते कडेला, जिथे तो मारा मंदावतो. डोळ्याला दिसले असते तर हायड्रोजन आणि गंधक दोन्ही तांबडेच दिसले असते, एकमेकांत बुडालेले. मधली पोकळी मात्र मी रंगवलेली नाही, ती त्या ताऱ्यांच्या वाऱ्यांनी वायू बाहेर लोटून केली आहे. काकांना इलेक्ट्रॉन-व्होल्ट पटले की नाही ठाऊक नाही, नकाशा पटला. ताऱ्यांचा जांभळट रंग मात्र निव्वळ हिरवा दाबल्याचा दुष्परिणाम आहे, आणि तो तसाच ठेवणं मला आळशीपणाचं वाटतं. मी ताऱ्यांचे वेगळे, साध्या रंगांतले फोटो घेऊन वर बसवतो.

या सगळ्यातून शास्त्राला काय मिळतं, असंही विचारलं जातं. बहुतेक वेळा काही नाही, छंद आहे. पण देवयानी दीर्घिका घ्या, आकाशातल्या सर्वाधिक फोटो काढलेल्या वस्तूंपैकी एक. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींनी २०२२ मध्ये तिच्यावर ऑक्सिजनचा फिल्टर लावून कित्येक तास घालवले. दीर्घिकेच्या बाजूला एक भला मोठा निळा पट्टा निघाला. तो आधी कुणाच्याच नोंदीत नव्हता, कारण त्या रंगात एवढा वेळ तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांची दुर्बीण होती १०६ मिलिमीटरची, माझ्यापेक्षा जेमतेम दोन बोटं रुंद.

माझ्या रोझेटचं गंधक अजून अपुरं आहे, साडेचार तासच झालेत. या वर्षी मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आसपासच्या पाच रात्री मोकळ्या ठेवल्या आहेत. मंगल कार्यालयातल्या मॅनेजरला मुहूर्तांच्या तारखा विचारल्या, तर त्याने मला कुठल्यातरी वधूपक्षाचा समजून आधी हॉलचं भाडं सांगितलं. पाचांपैकी तीन रात्री तिथे लग्नं आहेत. ३ नॅनोमीटरच्या फटीतून रोषणाई फारशी येणार नाही. धसका आहे तो फटाक्यांच्या धुराचा.