फायनान्समध्ये करिअर करायचंय? आधी वाशीच्या एनआयएसएमची परीक्षा समजून घ्या

ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ इथल्या कॉलेजांतून दरवर्षी बी.कॉम., बीएएफ, बीएमएस झालेली मुलं बाहेर पडतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या तोंडी 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' असतं. मग कुणीतरी कोर्सची जाहिरात दाखवतं, लाखाच्या घरातली फी, सोबत नोकरीची हमी, आणि घरची मंडळी एफडी मोडायला निघतात. माझी कळकळीची विनंती आहे की तो चेक फाडण्याआधी हे वाचा. शेअर बाजारातल्या बऱ्याच कामांसाठी सेबीने, म्हणजे बाजाराच्या सरकारी नियामकाने, जी प्रमाणपत्रं सक्तीची केली आहेत, ती कुठल्याही क्लासशिवाय मिळवता येतात. त्यांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं कार्यालयही तुमच्याच ट्रान्स-हार्बर लाईनवर, वाशीच्या सेक्टर १७ मध्ये आहे.

ही संस्था म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स, सगळे म्हणतात एनआयएसएम. सेबीने ती २००६ मध्ये स्थापन केली. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तिचं मोठं निवासी संकुल आहे, तिथे दोन वर्षांचा पीजीडीएमही चालतो. पण इथे आपण बोलतोय ते सर्टिफिकेशन परीक्षांबद्दल. त्यांना कायद्याचा आधार आहे तो सेबीच्या २००७ च्या नियमावलीचा. बाजारात अमुक काम करणाऱ्याकडे अमुक प्रमाणपत्र हवंच, असं सेबी त्याखाली वेळोवेळी अधिसूचना काढून ठरवते.

पात्रता, आणि कोणती परीक्षा द्यायची

या परीक्षांना बसायला पदवीची अट नाही. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा असला तरी बसता येतं, शाखाही कोणती का असेना. फक्त एक लक्षात ठेवा: परीक्षा पास होणं आणि सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट किंवा इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी. नोंदणीला शिक्षणाच्या स्वतंत्र अटी आहेत.

परीक्षा बऱ्याच आहेत आणि संकेतस्थळावर त्यांचे क्रमांक रोमन आकड्यांत असतात. मुलं इथेच गोंधळतात आणि मित्राने दिली तीच भरून मोकळी होतात. तसं करू नका. काम कोणतं हवंय ते आधी ठरवा.

पब्लिक इश्यू (आयपीओ वगैरे), टेकओव्हर (दुसरी कंपनी ताब्यात घेणं), बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर्स परत विकत घेणं) ही खऱ्या अर्थाने इन्व्हेस्टमेंट बँकिंगची कामं. आपल्याकडे त्यासाठी सेबीकडे 'मर्चंट बँकर' म्हणून नोंदणी लागते आणि त्या टीमसाठीची परीक्षा आहे सिरीज ९. अभ्यासात सेबीचे २०१८ चे आयसीडीआर (शेअर्स विक्रीला काढण्याचे) नियम, २०११ चे टेकओव्हर नियम, २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम असा ऐवज येतो. कोरडा वाटतो खरा. पण सेबीच्या संकेतस्थळावरून एखाद्या ओळखीच्या कंपनीचा ड्राफ्ट प्रॉस्पेक्टस (पब्लिक इश्यूआधीचं माहितीपत्रक) उतरवून घ्या आणि 'रिस्क फॅक्टर्स' व 'ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू' ही दोन प्रकरणं अभ्यासपुस्तकाशेजारी ठेवून वाचा. नियम कशासाठी आहेत ते आपोआप कळायला लागतं.

रिसर्च रिपोर्ट लिहायचे असतील तर सिरीज १५. म्युच्युअल फंड विकायचे असतील तर सिरीज ५-ए, आणि त्यानंतर ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक. इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या (शेअर्सवरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या) डीलिंग टर्मिनलवर बसायचं असेल तर सिरीज ८. शेवटच्या दोन्ही बाबतींत प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही.

राहिली सिरीज ७, म्हणजे सिक्युरिटीज ऑपरेशन्स आणि रिस्क मॅनेजमेंट. ब्रोकरकडे ग्राहकांचे पैसे-शेअर्स हाताळणाऱ्या, तक्रारी किंवा जोखीम सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती लागू आहे, आणि नोकरीला लागल्यापासून एक वर्षाच्या आत पास झालं तरी चालतं. आपल्या भागातल्या मुलांना मी पहिल्यांदा हीच सुचवेन. नरिमन पॉइंट आणि बीकेसीतल्या डील टीममध्ये फ्रेशरला जागा मोजक्याच. ठाणे-ऐरोली पट्ट्यातल्या आयटी पार्कांत मात्र ऑपरेशन्सची कामं चालतात: ट्रेड सेटलमेंट (झालेल्या सौद्याचे पैसे-शेअर्स पोचते करणं), रिकन्सिलिएशन (नोंदींची जुळवाजुळव), केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी). भारतात जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सचं सेटलमेंट सौद्यानंतरच्या लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी होतं, अमेरिकेतही मे २०२४ पासून तेच आहे. न्यूयॉर्कला आज झालेला सौदा उद्या मिटला पाहिजे, तर जुळवाजुळव इथे रात्रीच्या पाळीत करावी लागते. परदेशी बँकेच्या अशा बॅक ऑफिसला सिरीज ७ ची कायद्याने सक्ती नाही. तरी मुलाखतीत सेटलमेंटची साखळी न अडखळता सांगता आली, तर समोरच्याला फरक कळतो.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशेब

परीक्षा संगणकावर, पर्यायी उत्तरांची, दोन तासांची, १०० गुणांची. सिरीज ५-ए ला ५० टक्क्यांना पास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सिरीज ७ लाही ५० टक्केच, पण चुकलं की प्रश्नाच्या गुणांच्या २५ टक्के वजा. सिरीज ८, ९ आणि १५ ला ६० टक्के लागतात आणि कापाकापीही तशीच.

कागदावर मांडून बघा. १०० प्रश्न, ६० ला पास. समजा ६५ उत्तरं नक्की येतात. उरलेल्या ३५ ठिकाणी ठोकून दिलं आणि सगळी चुकली, तर ८.७५ गुण गेले, हातात राहिले ५६.२५. नापास. तेच २० प्रश्न कोरे सोडले आणि फक्त १५ चुकले, तर ६१.२५, पास. म्हणून सराव परीक्षा देतानाच कोरं सोडायची सवय लावा.

अर्जाआधी पॅन कार्ड बघा

सगळ्या प्रक्रियेत सगळ्यात जास्त अडकतं ते नावापाशी. एनआयएसएमच्या नोंदणीला पॅन अनिवार्य आहे आणि प्रमाणपत्रावर नाव येतं ते पॅनप्रमाणे. आता आपली मुंबई विद्यापीठाची मार्कशीट काढा: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पॅनवर नाव आधी, आडनाव शेवटी. आधारवर कधी वडिलांचं नाव गाळलेलं, कधी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. लग्न झालेल्या मुलींची मार्कशीट माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या.

क्रम वेगळा असला तर फार बिघडत नाही. स्पेलिंग किंवा आडनाव वेगळं असेल तर मात्र पॅन दुरुस्तीचा अर्ज आधी करा, परीक्षा नंतर. आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी लागते. नावात फरक ठेवून पुढे गेलात तर नोकरीच्या वेळच्या पडताळणीत तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

अर्ज, परीक्षा आणि प्रमाणपत्र

एनआयएसएमच्या संकेतस्थळावर सर्टिफिकेशनसाठी नोंदणी करायची. पॅन, स्पष्ट फोटो, मोबाईल आणि स्वतःचा ईमेल हाताशी ठेवा. कॉलेजचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका, पुढची कित्येक वर्षं सगळं त्याच पत्त्यावर येणार आहे. मग परीक्षा निवडायची, फी ऑनलाईन भरायची, केंद्र, तारीख आणि वेळ ठरवायची. फी परीक्षेनुसार बदलते, भरताना पडद्यावर दिसेल ती खरी. अभ्यासपुस्तक पीडीएफमध्ये मिळतं आणि प्रश्न त्यातूनच येतात, त्यामुळे बाहेरच्या प्रश्नसंचांवर पैसे घालवू नका. घेतलेली तारीख सहज बदलून मिळेल असं धरून चालू नका, सेमिस्टरचं वेळापत्रक लागल्यावरच स्लॉट घ्या.

आधी सराव करायचा असेल तर सेबी आणि एनआयएसएमची ऐच्छिक इन्व्हेस्टर सर्टिफिकेशन परीक्षा आहे, ती मोफत आहे.

परीक्षेला प्रवेशपत्र आणि मूळ पॅन कार्ड घेऊन जा, मोबाईलमधला फोटो दाखवून काम होईल या भरवशावर राहू नका. गुण शेवटी पडद्यावर लगेच दिसतात. प्रमाणपत्र नंतर, पॅनची पडताळणी झाल्यावर, ऑनलाईन मिळतं.

नोकरी लागताना कंपनी वेगळी फाईल मागते: सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कधी कधी पोलीस पडताळणीचा दाखला. त्याचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाईन सेवेतून होतो. तिथे जपून. ऐरोली, घणसोली, वाशी ठाणे जिल्ह्यात आहेत, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. कळवा-मुंब्र्याला ठाण्याचं. जिल्हा बघून आयुक्तालय निवडलं तर अर्ज भलतीकडे जातो. आणि पुढे सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करायचा विचार असेल तर त्याच्या नोंदणीला वैध पासपोर्ट लागतो. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट शेवटच्या वर्षाला असतानाच घेऊन टाका.

एनआयएसएमचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात सीपीई नावाचं प्रशिक्षण पूर्ण केलं तर ते पुढे वाढवून मिळतं. मुदत एकदा उलटली की सीपीईचा रस्ता बंद, पुन्हा फी भरून पुन्हा परीक्षा. तेव्हा प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी दोन वर्षांनंतरची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.