पंकच्या गोंगाटातला गंधार

भजन ऐकवलं की पाण्याचे स्फटिक सुबक होतात आणि कर्कश विदेशी संगीत ऐकवलं की वेडेवाकडे, असा फोटोंसकटचा संदेश घरच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. त्याचं मूळ जपानच्या मासारू इमोतो यांच्या दाव्यांत आहे. ढीगभर फोटोंतून हवे ते निवडायची मुभा असली, तर पाणी कोणत्याही पक्षाला मत देतं. एवढं बोलून तो विषय सोडू. मात्र त्या संदेशातली एक गोष्ट शहाणीसुरती माणसंही मुकाट्यानं मान्य करतात. पंक-बिंक (ते वेगवान, खरखरीत रॉक संगीत) म्हणजे नुसता धुडगूस, सुराशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगला घसटीचा आहे.

माझे लाडके अल्बम अगदी सर्वपरिचित आहेत. न्यूयॉर्कच्या रमोन्सचा 1976 सालचा पहिला अल्बम 14 गाणी जेमतेम 29 मिनिटांत उरकतो. तो सुमारे 6,400 डॉलरमध्ये झाला, म्हणजे तेव्हाच्या मानानंही फुटकळ खर्चात. लंडनच्या सेक्स पिस्टल्सचा एकमेव स्टुडिओ अल्बम 1977 चा. त्याच वर्षीचा वायर या बँडचा ‘पिंक फ्लॅग’, त्यात तर 21 गाणी. हे आवडण्याची कारणं बरीच आहेत. वेग, चीड, थट्टा, आणि ‘हे आपल्यालाही जमेल’ असा दिलासा. पण कविता कळायच्या आधी, शब्द नीट ऐकू यायच्याही आधी, पहिल्याच सेकंदाला जे छातीवर आदळतं ते गिटारचं डिस्टॉर्शन. मला त्याबद्दल बोलायचंय.

डिस्टॉर्शन म्हणजे मुळात बिघाड. अ‍ॅम्पला (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की लहरींचे माथे आणि तळ सपाट होतात. 1964 मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं हा फाटका आवाज मिळवायला स्पीकरचा कागदी पडदा चक्क ब्लेडनं चिरला होता. एकच सूर वाजत असेल तर माथा कापल्यानं त्या सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे उपस्वर जोर धरतात. आवाज भरदार होतो, बस्स.

खरी गंमत दोन सूर एकदम वाजवल्यावर. अ‍ॅम्प सरळमार्गी असता, तर दोन सूर आत आणि दोनच बाहेर. पण माथे कापणारा अ‍ॅम्प सुरांची नुसती बेरीज करत नाही, त्यांचा गुणाकारही करतो. शाळेत (अ + ब) चा वर्ग करताना 2अब हे पद उपटायचं ना, तेच. आणि दोन साइन लहरींचा गुणाकार केला की त्रिकोणमिती सांगते, त्यातून दोन नव्या लहरी निघतात. एकीची वारंवारता मूळ दोघींच्या बेरजेइतकी, दुसरीची वजाबाकीइतकी. तारेवर कुणी न छेडलेले सूर स्पीकरमधून येतात.

आता पंकवाल्यांची आवडती पॉवर कॉर्ड घ्या (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर). षड्ज आणि पंचम, मधला गंधार गाळलेला. सा 110 हर्ट्झ धरला तर गिटारचा प 164.8 हर्ट्झ. वजाबाकी 54.8, म्हणजे जवळजवळ नेमका खर्जातला सा, एक सप्तक खाली, बास गिटारच्या घरात. बेरीज 274.8. शुद्ध गंधार 110 च्या अडीचपट, 275 हर्ट्झवर असतो. म्हणजे जो गंधार कॉर्डमधून काढून टाकला, तोच अ‍ॅम्पमधून परत उगवतो.

तानपुऱ्याशेजारी बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. जुळलेल्या तानपुऱ्यात कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. तिथली यंत्रणा वेगळी. घोडीचा किंचित गोलसर माथा आणि तारेखालचा दोरा यांमुळे तार तिथे सतत घासते आणि उपस्वर जागे राहतात. सी. व्ही. रमण यांनी 1921 मध्ये याच घोडीवर निबंध लिहिला होता. मिरजेचे कारागीर जवारी काढताना (घोडीचा माथा घासून जुळवताना) कानानं जे साधतात, ते अ‍ॅम्पमध्ये आडदांडपणानं घडतं.

मग गंधार गाळायचा कशाला? कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार 277.2 हर्ट्झवर बसतो, शुद्धापेक्षा चढा. तो वाजवला की अ‍ॅम्पमधल्या 274.8 शी त्याची टक्कर होऊन आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा हेलकावतो. त्यात इतर बेरजा-वजाबाक्यांची भर पडली की सगळा चिखल. पंचमाचीही चूक आहे, पण नगण्य. 110 ची तिप्पट 330, 164.8 ची दुप्पट 329.6. हा हेलकावा एकदा पुरा व्हायला अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागतो, आणि मिनिटाला 175 ठोक्यांच्या गाण्यात तोवर बहुतेकदा कॉर्ड बदललेली असते. वेग नुसता रागातून येतो असं मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

इथे एक अडचण येते. रमोन्सचा गिटारवादक जॉनी रमोन सहाही तारांची बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून) धरायचा, तिच्यात गंधार असतो. पण या ठेवणीत खालच्या तीन तारा सा, प, सा अशा. गंधार सहांपैकी एकाच तारेवर, तोही चौथ्या जागी. जॉनी प्रत्येक फटका वरून खालीच मारायचा, सेकंदाला जवळपास सहा. दर फटक्यात जाड तारा आधी लागतात आणि गंधारावर कुरघोडी करतात. त्याच्या आवाजाला जी खरखर आहे, तिच्यात या दबलेल्या गंधाराचा वाटा असावा असं मला वाटतं.

सेक्स पिस्टल्सच्या अल्बमवर गिटारवादक स्टीव्ह जोन्सनं गिटारचे थरावर थर चढवले आणि बहुतेक गाण्यांत बासही स्वतःच वाजवला, तोही बराचसा गिटारच्या मूळ सुरालाच धरून. म्हणजे अ‍ॅम्प वजाबाकीनं जिथे खर्ज काढतो, नेमकी तिथेच बासची तार. भिंतीसारखा एकसंध आवाज तिथून येतो. ‘यांना तीनच कॉर्ड येतात’ हा टोमणा खरा असला तरी गैरलागू आहे. या अ‍ॅम्पमधून सातव्या-नवव्या सुराची भर घातलेल्या नाजूक कॉर्ड वाजवून पाहा, वाद्यमेळाऐवजी भंगाराचं दुकान ऐकू येईल.

पडताळायला रमोन्सचा तो पहिला अल्बम सोयीचा आहे. त्यात बास डाव्या बाजूला आणि गिटार उजव्या बाजूला ठेवलीय. हेडफोनची डावी बाजू काढून ठेवा, फक्त उजवी ऐका, आणि बास नसतानाही खालचा सा भासतो का ते बघा. आवाज मात्र बेतानं. कान अ‍ॅम्पइतके सोशिक नसतात.